केका: मोराच्या हाकेचं नाव

मे महिन्याच्या अखेरीस आत्याच्या गावी गेलो होतो. गाव शिरूर तालुक्यातलं, मोराच्या चिंचोलीपासून फार लांब नाही, त्यामुळे शेताच्या बांधावर मोर दिसणं ही तिथे नवलाई नाही. दिवसभर उकडून काढलं होतं. संध्याकाळी आभाळ भरून आलं, वारा पडला, पण थेंब काही पडेना. आम्ही अंगणात खाटेवर बसलो होतो. तेवढ्यात समोरच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली आदळत गेला. खड्ड्यात चाक उतरलं तसा धडाड् आवाज झाला, आणि त्याच क्षणी चिंचेवरून मोर ओरडला. त्याच्यामागे ओढ्यापलीकडचा. मग आणखी लांबचा एक.

"येड्याला ढग गडगडल्यागत वाटलं," आत्या म्हणाली.

तिचा नातू सातवीत आहे. तो वही घेऊन शेजारीच बसला होता. त्याने विचारलं, "काका, मोराच्या ओरडण्याला केकारव म्हणतात. बाईंनी लिहून दिलंय. रव म्हणजे आवाज. मग केका कोण?"

मला प्रश्न फार आवडला. आपण सगळ्यांनी शाळेत ती यादी पाठ केलेली असते: गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, हत्तीचा चीत्कार, सापाचा फूत्कार, मोराचा केकारव. पाठ करताना प्रत्येक शब्द एक अख्खा गोळा म्हणून तोंडात बसतो. तो फोडून आत काय आहे ते बघायचं राहून जातं.

तर केका हा कोणी प्राणी नाही, की मोराचं नावही नाही. केका म्हणजेच मोराचा आवाज. संस्कृतातला जुना शब्दकोश म्हणजे अमरकोश, त्यात तीन शब्दांत सांगून टाकलंय: 'केका वाणी मयूरस्य'. मोराची वाणी ती केका. ज्याच्याकडे ही केका आहे तो केकी, म्हणजे मोर. जुन्या कवितेत 'केकी' आला की घाबरू नये, मोरच आहे तो.

मग केकारव या शब्दात आवाज दोनदा आला की! केका म्हणजे आवाज आणि रवही आवाज. काटेकोर बघितलं तर हो, दोनदा आला. पण त्यात चूक काही नाही. नुसती केका मराठीत वागवायला जरा अवघड आहे. शब्द स्त्रीलिंगी, 'शाळा'सारखा चालणारा: ती केका, त्या केका, केकेचा, केकांनी. 'केकेने जाग आली' हे वाक्य व्याकरणात चोख बसतं, पण बोलताना जिभेला अडतं. 'केकारवाने जाग आली' म्हटलं की सुटसुटीत. गुंजारव आणि कलरव हे शब्द शेजारी होतेच, त्यांच्या पंक्तीत केकारवही बसला. मला वाटतं, नुसती केका बोलण्यातून मागे पडली ती यामुळेच.

शब्द घडलाय तो आवाजावरूनच. के-का. दोन अक्षरं, दोन्हीत 'क'. आता मोराची हाक आठवून बघा. तीसुद्धा दोन तुकड्यांची असते. पहिला तुकडा आखूड आणि वर चढणारा, दुसरा लांब खेचलेला, शेवटी खाली घसरणारा. कोणी ती 'मेऽओ' अशी ऐकतं, कोणी 'म्यांऽव'. मांजराची आठवण व्हावी, पण मांजर मैलावरून ऐकू येत नाही. मोर येतो. छातीत खोल, जिथे श्वासनलिका दोन फुफ्फुसांसाठी दुभंगते, तिथे पक्ष्यांचा आवाजाचा अवयव असतो. मोराचा गळाही लांब. वर तो बसतो उंच फांदीवर, आणि ओरडतो बहुधा पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, जेव्हा इतर गोंगाट कमी असतो.

आवाज कर्कश आहे, हे सरळ मान्य करू या. अर्थ सांगताना पुष्कळदा लोक इथेच पाय घसरून पडतात. मोर देखणा, म्हणून त्याचा आवाजही गोडच असणार असं धरून चालतात आणि 'केका म्हणजे मोराचे मधुर कूजन' असं लिहून मोकळे होतात. ज्याने पहाटे साडेचारला खिडकीबाहेरच्या मोराची हाक ऐकली आहे तो असं लिहिणार नाही. कूजन कोकिळेचं. केका ही हाक आहे. ती कानात घुसते, आणि घुसावी म्हणूनच घातलेली असते.

मोर ओरडतो कशासाठी, हेही थोडं बघायला हवं, कारण शब्दाचा अर्थ त्यातच आहे. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. नराचा पिसारा तेव्हा पूर्ण भरलेला असतो, आणि लांडोरींना बोलवायला, दुसऱ्या नरांना 'ही जागा माझी' म्हणून सांगायला तो सारखा हाका घालतो. हंगाम सरला की पिसं गळतात आणि हाकाही विरळ होतात. अचानक मोठा आवाज झाला तर त्यालाही मोर उत्तर देतात, मग तो मेघगर्जनेचा असो, फटाक्याचा असो की आमच्या गावच्या ट्रॉलीचा. आणि जंगलात वाघ-बिबट्या दिसला तर मोर धोक्याचीही हाक देतो. ताडोबाला फिरलेल्यांना हे ठाऊक असेल: वानर खॉक् खॉक् करायला लागलं, सांबर भुंकलं किंवा मोर ओरडला, की गाईड जीप थांबवायला सांगतो आणि सगळे कान देऊन बसतात.

म्हणजे बोलावणं, बजावणं, सावध करणं, ही सगळी कामं एकाच गळ्यातून होतात. गाणं मात्र यांतलं एकही नाही.

आता मजेची गोष्ट अशी की, आत्या जे खाटेवर बसून बोलली ते कालिदासाने फार पूर्वी लिहून ठेवलंय. रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात राजा दिलीप आणि राणी सुदक्षिणा रथात बसून वसिष्ठांच्या आश्रमाकडे निघालेत. मूल होत नाही, म्हणून गुरूंना विचारायला. रथाच्या चाकांची घरघर ऐकून रानातले मोर माना वर करतात आणि केका देऊ लागतात. का, तर त्यांना वाटलं ढग गडगडला. कवीने तसं उघड सांगितलेलं नाही, नुसत्या वर झालेल्या माना दाखवल्यात. तिथे रथ, इथे ट्रॉली. मोर तोच. मी पोराला हे सांगितलं तेव्हा त्याने आजीकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

त्याच श्लोकात केकेला दोन विशेषणं आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. एक 'षड्जसंवादिनी', म्हणजे षड्जाशी जुळणारी. आपल्या जुन्या संगीतविचारात सात स्वर सात प्राण्यांच्या तोंडी दिलेले आहेत: मोराचा षड्ज, गाईचा ऋषभ, बकरीचा गांधार, क्रौंचाचा मध्यम, कोकिळेचा पंचम, घोड्याचा धैवत आणि हत्तीचा निषाद. यादी नीट पाहिली तर यात मोराची केका आहे, घोड्याचं खिंकाळणं आहे, हत्तीचा चीत्कारही आहे. ज्यांना आपण कर्कश म्हणतो असे तीन आवाज सप्तकात मानाने बसलेत, आणि मोर तर थेट 'सा'वर. जुन्या लोकांनी स्वर शोधताना गोड-कडू अशी निवड केली नाही. आवाज पक्का आहे का, ओळखू येतो का, एवढंच पाहिलं असावं असं मला वाटतं.

दुसरं विशेषण 'द्विधा भिन्ना', दोन भागांत फुटलेली. टीकाकार मल्लिनाथ इथे षड्जाच्या शुद्ध आणि विकृत अशा दोन प्रकारांचा संबंध लावतो. शास्त्रार्थ म्हणून तो ठीकच आहे. पण मला आपली चिंचेवरची हाक ऐकू येते: आखूड चढ, मग लांब उतार. दोन तुकडे. कालिदासाने हे रानात कान लावून ऐकलं असणार, यावर माझा विश्वास आहे.

हा श्लोक केकांना 'मनोभिराम' म्हणतो, मनाला सुखवणाऱ्या. मग मी वर कर्कश का म्हटलं? दोन्ही खरंय. मे महिन्यात जमीन तडकलेली असताना केका आली की ती कानाला बोचते आणि जिवाला बरं वाटतं, कारण तिच्यामागे पाऊस आहे. एसटी स्टँडवर तीन तास ताटकळल्यावर आपल्या गावच्या गाडीचा हॉर्न वाजावा, तसं. हॉर्न गोड नसतो.

मेघदूतात केका पुन्हा भेटते. यक्ष मेघाला वाट सांगतोय आणि मनातली धास्तीही बोलून दाखवतोय. डोंगराडोंगरावर ककुभाच्या फुलांचा वास सुटलेला असेल, तू तिथे रेंगाळशील. डोळ्यांच्या कडा पांढऱ्या असलेले मोर, डोळ्यांत पाणी आणून, तुला सामोरे येतील. त्यांच्या केका हेच तुझं स्वागत. तरी बाबा, कसाही करून लवकर निघ. 'स्वागतीकृत्य केकाः' असे शब्द आहेत, केकांनाच स्वागत करून. मोराकडे हार नाही, तुरा नाही, द्यायला आहे तो हा फाटका आवाज, तोच त्याने पुढे केला. पांढऱ्या कडांची गोष्टही खरी आहे. मोराच्या डोळ्याच्या वर आणि खाली पांढरी कातडी असते, कधी जवळून दिसला तर बघा.

इथपर्यंत केका संस्कृताची होती. मराठीत तिला घर मिळवून दिलं मोरोपंतांनी.

मोरोपंत पराडकर जन्मले पन्हाळ्याला, १७२९ साली. पुढे बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले, पुराण सांगत, आणि कऱ्हेकाठी आयुष्यभर लिहीत राहिले. १७९४ साली गेले. लिहिलं किती, तर सगळं महाभारत आर्या वृत्तात उतरवलं, आणि रामायणं एक-दोन नव्हे, शंभरावर रचली. त्यातलं एक निरोष्ठ रामायण आहे: प, फ, ब, भ, म असं ओठ टेकवून म्हणायचं एकही अक्षर त्यात नाही. रामाची कथा, आणि 'राम'मधला 'म' वापरायचा नाही! भाषेवर इतकी हुकमत असलेला माणूस. लोकांनी त्यांची आर्या ज्ञानेश्वरांच्या ओवीच्या आणि तुकोबांच्या अभंगाच्या ओळीत नेऊन बसवली.

या माणसाने देवाला घातलेल्या आपल्या हाकांच्या काव्याला नाव काय दिलं? केकावली. केका अधिक आवली. आवली म्हणजे ओळ, रांग, जशी दीपावली. दिव्यांची ओळ ती दीपावली, केकांची ओळ ती केकावली.

नावामागचा उघड धागा सोपा आहे. मोरोपंत म्हणजे मयूर, ते कवितेत स्वतःला मयूर म्हणवतात. मोर बोलला तर काय बोलणार, केकाच. आणि मोर हाक घालतो मेघाला. देव सावळा, घनश्याम. घन म्हणजेच ढग. मोर खाली, ढग वर, आणि मध्ये ही हाकांची ओळ. एका शब्दात कवीचं नाव आलं, देवाचा रंग आला आणि दोघांमधलं नातंही आलं.

पण मला त्याच्या पलीकडचं काहीतरी ऐकू येतं, आणि हा सगळा लेख लिहावासा वाटला तो त्यासाठीच. पंतांना कोकिळ होता आलं असतं. शब्दांची कसरत त्यांच्याइतकी कोणाला जमत नव्हती. तरी देवापुढे उभं राहताना त्यांनी आपल्या कवितेला गाणं म्हटलं नाही, कूजन म्हटलं नाही. केका म्हटलं. माझा आवाज कर्कश आहे, पण हाक खरी आहे, आणि मी ती घालत राहणार. केकेचा अर्थ 'मधुर आवाज' असा लावला की या नावातली लीनता पुसली जाते, उरतं नुसतं मोरपीस. म्हणून तो अर्थ चुकीचा आहे असं मी इतक्या आग्रहाने म्हणतो.

केकावलीतली एक ओळ आपल्याकडे लहानपणापासून पाठ असते, पुष्कळदा ती केकावलीतली आहे हे माहीत नसताना:

सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो

हे पृथ्वी वृत्त आहे. ओळीत सतरा अक्षरं, आणि आठव्या अक्षरावर थांबा. बोटं मोडून मोजा. 'सुसंगति सदा घडो' इथे आठ झाली, श्वास घ्या. 'सुजनवाक्य कानी पडो' ही नऊ. म्हणजे ओळ मुळातच दोन तुकड्यांची, पहिला आखूड, दुसरा किंचित लांब. दोन्ही तुकड्यांच्या शेवटी लघुनंतर गुरू येतो, आवाज एकदा आखडतो आणि मग ताणला जातो: घ-डोऽ, प-डोऽ. पुढच्या ओळीतही तेच, झ-डोऽ, नाव-डोऽ. घडो, पडो, झडो ही सगळी मागण्याची रूपं, 'असं होवो' म्हणणारी. मराठीत असं मागणं 'ओ'वर संपतं. मोराची हाकही 'ओ'वर संपते. पंतांनी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण ही ओळ मोठ्याने, शेवटचा 'ओ' लांबवून म्हणून बघा. मी त्या संध्याकाळी अंगणात म्हणून दाखवली, तर पोरगं म्हणालं, "खरंच मोरासारखं वाटतं की!"

आजच्या बोलण्यात केका थेट फारशी उरली नाही. उरलंय ते केकाटणं. लाथ बसली की कुत्रं केकाटतं. 'उगाच केकाटू नकोस' हे पोरांनी घराघरांत ऐकलेलं असतं. आवाज तोच, के आणि क, कानात घुसणारा. फक्त त्यातली वाट पाहणं निघून गेलं आणि नुसता त्रास राहिला. एक शब्द काव्याच्या नावात जाऊन बसला, दुसरा ओसरीवरच्या शिवीत.

माणसाच्या अशा आवाजाला मराठीत वेगळे शब्द आहेत आणि त्यांच्या क्रियापदांत मोठी जाण आहे. किंकाळी फोडतात, टाहो फोडतात, हंबरडाही फोडतात. आत कोंडलेलं काहीतरी बाहेर येताना फुटतं, म्हणून फोडणं. हाळी मात्र देतात, आरोळी ठोकतात, बोंब मारतात. तिथे समोर ऐकणारा कोणीतरी धरलेला असतो. केकेसाठी मराठीने असं स्वतःचं क्रियापद घडवलं नाही. मला विचाराल तर 'केका घालणे' बरं वाटतं, हाक घालतात आणि साद घालतात तसं. कारण ती फुटत नाही, घातली जाते, पलीकडे कोणीतरी आहे हे धरून.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. केका फक्त मोराची. 'पाखरांचा केकारव' असं हल्ली सर्रास वाचायला मिळतं, पण पाखरांची किलबिल असते, फार तर कलरव. आणि किंकाळी व खिंकाळणं यांची गल्लत होते. दोन्हींत एका 'ह'काराचाच काय तो फरक ऐकू येतो, पण किंकाळी भ्यालेल्या माणसाची, खिंकाळणं घोड्याचं.

रात्री आठच्या सुमारास पाऊस आला. पत्र्यावर ताशा वाजावा तसा. आम्ही खाटा उचलून आत घेतल्या. पोराने वही पुढे ओढली, बाईंनी दिलेल्या यादीत 'मोर' या शब्दापुढे 'केकारव' होतं, त्याच्या पुढे कंस काढला आणि त्यात लिहिलं: केका म्हणजेच त्याची हाक. मग मला विचारलं, "लांडोर पण केका देते का?" देते, मी म्हटलं, तीही ओरडते, पण विणीच्या हंगामात मैलभर ऐकू येते ती बहुतेक मोराचीच.